हौशीचा मुराळी

सासऱ्यांनी मला मुलगी दिली तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "नोकरी कायमची का टेंपरवारी?" मी म्हटलं, "कायमची. लोणावळ्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून." "मग हरकत न्हाई," ते म्हणाले आणि सुपारी फुटली. मला नुसतं पाहूनच त्यांच्या बाकीच्या शंका फिटल्या असाव्यात, असा समज मी बरेच दिवस करून घेतला होता. पुढे एकदा वलवणचा एक खाऊनपिऊन सुखी शेतकरी त्यांच्या कुत्रीचं पिल्लू मागायला कुरवंड्याला आला. मी सासुरवाडीच्या ओसरीवर सुपारी चघळत बसलो होतो. तिथेच माझा समज गळून पडला.

"घरात बायामानसं किती?" आबांनी सुरुवात केली.

"आई हाय, कारभारीन हाय."

"कारभारीन तापट हाय का?"

"म्हंजी, तशी..."

"तशी म्हंजी कशी? लाटनं फेकून मारती का नुसती बोलती?"

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

"पोरं धोंडं मारत्यात का? उन्हाळ्यात हीर आटती का? आटली तर आदी कुनाला पानी, बैलाला का कुत्र्याला? मागलं कुत्रं कशानं गेलं?"

मागलं कुत्रं बिबट्याने नेलं होतं.

"रातचं भाईर बांधलं व्हतं?"

"व्हय."

"मग न्हाई जमायचं. चा पिऊन जावा," आबा म्हणाले आणि उठले.

तो गेल्यावर मी जरा घुश्शातच म्हटलं, "आबा, मला यातलं काहीच विचारलं नव्हतं तुम्ही."

"तुमचं काय चुकलं तर पोर यून मला सांगंल की, जावईबापू. ह्ये मुकं कुनाला सांगनार?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आमच्या मंडळी हसू दाबत होत्या.

आबा म्हणजे कुरवंड्यातलं मोठं खातं. भाताची खाचरं, चार बैल, दोन म्हशी, आणि नागफणीच्या कड्याच्या अंगाला थोडं गवताचं रान. उंच, सडपातळ, किंचित पुढे वाकलेले. चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, त्यामुळे मागून पाहिलं की कुणीतरी त्यांना पकडून नेतंय असं वाटायचं. ऐकताना फेट्याचा शेव बोटाला गुंडाळायचे आणि सोडायचे. समोरचा खोटं बोलायला लागला की गुंडाळणं थांबायचं. एकदा ते मालधक्क्यावर माझ्याशेजारी बसले असताना एका व्यापाऱ्याची थाप मी नुसत्या त्या बोटावरून ओळखली होती, आणि साहेबांनी माझी हुशारी म्हणून ती नोंदली होती. मीही दुरुस्ती केली नाही.

त्यांच्या घरातलं पिल्लू विकलं जात नसे. "विकलं" हा शब्दच त्यांच्या उंबऱ्याच्या आत चालत नसे. पिल्लू "दिलं" जायचं, मादी असली तर "धाडली" जायची. नेणाऱ्याने देवापुढे नारळ ठेवायचा आणि पिल्लाच्या आईसाठी खण आणायचा, हा त्यांनीच घातलेला पायंडा. आता कुत्री काही चोळी शिवून घालत नाही. ते खण सासूबाईंकडे जात. एकदा कुणीतरी त्यांच्या चोळीचं कौतुक केलं तर त्या सरळ म्हणाल्या, "ही काळीच्या दुसऱ्या वेताची."

या काळीचीच लेक हौशी. करड्या रंगाची, लांब पायांची, पळायला लागली की वाऱ्याला मागे टाकणारी. लोणावळ्यात बापूसाहेब म्हणून एक मुंबईचे निवृत्त कंत्राटदार बंगला बांधून राहत होते. त्यांनी तिला बाजाराच्या दिवशी आबांच्या मागे पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी ते मला मध्यस्थ घालून कुरवंड्याला आले. आबांनी रीतसर बंगला पाहिला. व्हरांडा पाहिला, पाण्याची कुंडी पाहिली, स्वयंपाक्याला दोन प्रश्न विचारले. पण खरा निकाल लागला तो बापूसाहेबांच्या कोटामुळे. हौशी तेव्हा एवढीशी होती. ती बिचकली म्हणून बापूसाहेब कोटासकट मातीत बसले आणि हात पुढे करून नुसते थांबून राहिले. तिने वास घेतला, बोट चाटलं. आबा मला हळूच म्हणाले, "मानूस हाय."

नारळ आला, जरीचा खण आला. सासूबाईंनी तो सणासाठी ठेवला.

बापूसाहेब माणूस होते, हे मी आजही म्हणतो. पण हौस आणि धंदा यांच्यामधलं कुंपण फार बुटकं असतं. त्यांनी एक विलायती कुत्रा आणवला, सुलतान. सुलतान आणि हौशीची पिल्लं अशी काही निघाली की शनिवारी-रविवारी मुंबईहून येणारे बंगलेवाले ती पाहून वेडे झाले. अंगाने विलायती, पायांनी मावळी. पहिलं वेत हातोहात गेलं. दुसऱ्याला लोक आधीच सांगून ठेवू लागले. तिसरं झालं. बापूसाहेबांचं पाहून आणखी दोन-तीन बंगल्यांत हाच उद्योग सुरू झाला. ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही ती पिल्लं बाजारात आणि स्टेशनाच्या मागे फिरताना दिसू लागली.

एका सकाळी आबा तूप द्यायला म्हणून आमच्याकडे आले. वाटेत बंगल्याच्या फाटकाशी थांबले होते. चहा पुढे आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"काय झालं आबा?" मंडळींनी विचारलं.

"हौशी बघितली." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "पाठीचं मनके मोजून घ्यावं. सडं भुईला लागत्यात. मला बघून उठली न्हाई, नुसती शेपूट हालवली. आन त्यो गडी सांगतुया, पुढल्या वेताची पिल्लं समदी ठरली. अजून पोटात न्हाईत आन ठरली!"

मी म्हटलं, "पण आता ती बापूसाहेबांची झाली ना."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा गार होतोय का ते पाहू लागलो.

"खुट्टा त्यांचा. जीव तिचा," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले, आणि मी दारातच उभा राहिलो. लग्नातला कोट, पांढरा स्वच्छ फेटा, खांद्यावर उपरणं, हातात फडक्यात बांधलेली लाडवांची पुरचुंडी. हा थाट माझ्या ओळखीचा होता. आमच्या प्रत्येक बाळंतपणाला ते मंडळींना न्यायला असेच यायचे. लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, आणि मुराळ्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मी घाबरून मंडळींकडे पाहिलं. तसं काही नव्हतं.

"बंगल्यावर चाललोय," आबा म्हणाले. "हौशीला न्यायला. चला, वळखीचं मानूस संगं असावं."

बंगल्यावर बापूसाहेब नव्हते, फिरायला गेले होते. फाटकावर माळी होता. आबांनी त्याला रीतसर रामराम घातला आणि सांगितलं, "आत सांगावा द्या. हौशीचा मुराळी आलाय."

माळी आत पळाला. आम्ही उभे. आतून धावपळीचा आवाज आला, डबे वाजले, आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने एक बाई आली. नवं लुगडं, कुंकू ताजं, काखेत गाठोडं, डोळ्यांत पाणी. स्वयंपाक्याची बायको. तिचं नाव हौसा, आणि घरात तिलाही सगळे हौशीच म्हणत.

"भाऊनं धाडलं व्हय तुमाला?" ती म्हणाली. "दोन वरसं झाली, कुनी आलं न्हाई बगा न्यायला. मला वाटलं, इसारली."

मी पुढे होऊन खुलासा करणार होतो. नोकरीत अर्धा जन्म खुलासे करण्यातच गेला आहे, तोंड आपोआप उघडतं. आबांनी माझा कोपर धरला. फेट्याचा शेव त्यांच्या बोटाभोवती गच्च गुंडाळलेला होता.

"माहेर कुटं तुजं, बाय?"

"भाजं."

"मग चल. वाट लांब हाय, लाडू खा आदी."

स्वयंपाकी पीठ लागलेल्या हातांनी मागून आला, पण समोर मुराळी, फेटा, कोट. करणार काय? एवढ्यात हौशी, म्हणजे चार पायांची, आबांचा आवाज ओळखून रांगत रांगत आली. आबांनी तिला उपरण्यात घेतलं. "ही बी येतीया," त्यांनी माळ्याला सांगितलं. "सायबास्नी सांगा, दोन्ही लेकी माहेरला गेल्या."

स्टेशनवर मी तिकिटं काढली. हौसाबाई खिडकीशी बसली, आबा तिच्यासमोर, आणि कुत्री गार्डच्या डब्यात, कारण नियम तो नियम. आबांना तो पटला नाही. मळवली पुढचंच स्टेशन, तरी गाडी सुटेपर्यंत ते दोन-तीनदा फलाटावर उतरून गार्डच्या डब्याशी जाऊन आले. भाज्याला हौसाबाईच्या भावाने दारात आबांना पाहिलं तेव्हा तो ओशाळून गेला म्हणे. आबा त्याला एवढंच म्हणाले, "तुला सवड नव्हती, म्या आनली."

इकडे बंगल्यावर स्वयंपाक्याची बायको गेल्याने दळण, निवडण, पाटा-वरवंटा सगळं बंद पडलं. बापूसाहेबांना आठवडाभर डाळीत खडे लागले. ते माझ्याकडे मालधक्क्यावर आले. चिडले होते, पण हसू आवरत नव्हतं.

"कारकूनसाहेब, तुमच्या सासऱ्यांवर मी चोरीची फिर्याद द्यावी का?"

"ते माहेरपणाला घेऊन गेलेत, बापूसाहेब."

"कुत्रीचं माहेरपण! आणि किती दिवसांचं?"

मी म्हटलं, "माझ्या अनुभवावरून सांगतो, ते लवकर पाठवत नाहीत." हे खरं होतं. तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मंडळींना त्यांनी इतके महिने ठेवून घेतलं होतं की मी पिठलं करायला शिकलो होतो, आणि शेजाऱ्यांनी त्याचा वास ओळखायला.

पावसाळा गेला. हौसाबाईला तिच्या भावानेच परत आणून पोचवलं. कुरवंड्याला हौशीच्या अंगावर मांस चढलं, पाठ भरली. गवताच्या रानात ती पुन्हा पळू लागली. सासूबाई म्हणाल्या, "ठिवून घ्या की आता. कुत्री तर हाय."

"कुत्री म्हनून आनली असती तर ती चोरी झाली असती," आबा म्हणाले. "लेक म्हनून आनली. मुराळी नेतो त्यो पोचवायला. ठिवून घेतो त्याला मुराळी म्हनत न्हाईत."

हीच खरी गोम होती. ज्या रीतीच्या जोरावर त्यांनी तिला आणलं, तीच रीत तिला परत मागत होती. आणि परत गेली की सुलतान होता, ठरलेली गिऱ्हाइकं होती. अजून दोन वेतं लागोपाठ झाली तर ती जगत नाही, हे आबांना दिसत होतं. सुगी होईपर्यंतची मुदत त्यांनी स्वतःलाच दिली होती.

त्याच सुमाराला लोणावळ्यात सभा ठरली. स्टेशनाच्या मागच्या पिल्लांनी लोक त्रासले होते. निवृत्त हेडमास्तरांनी पुढाकार घेतला. शाळेच्या मोठ्या वर्गात रविवारी सगळ्यांनी जमायचं आणि ठराव करायचा, की विकण्यासाठी कुत्र्यांची पैदास करण्यावर साफ बंदी असावी. ठराव झाला की त्याचा अर्ज वर पाठवायचा. हेडमास्तर मुद्दाम मला म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना आणा. त्यांचं बोलणं झालं की ठराव झालाच."

मी आबांना सांगितलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. बंदी झाली तर हौशीला खुशाल परत पोचवता येणार होतं. शब्दही राहणार होता आणि कुत्रीही.

सभेला गर्दी झाली. आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. हेडमास्तर बोलले. मग एक बंगलेवाले उठले आणि म्हणाले, राखणीला चांगलं कुत्रं हवं तर चांगली जात जपायलाच हवी, बंदी घालाल तर बिबटे दारात येतील. मग आबा उठले. हात पाठीमागे. आपली हौशी, तिची पाठ, तिची न झालेली पिल्लं कशी आधीच ठरली होती, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "ह्यो धंदा बंद करा." टाळ्या पडल्या. माझ्या मनात ठराव झाला होता.

बापूसाहेब उठले. आवाज चढवला नाही. "आबा, मी पिल्लं विकतो हे खरं. तुम्ही विकत नाही हेही खरं. पण मला एक सांगा, कुरवंड्यात जास्तीची पिल्लं होतात, माद्या होतात, त्या कुठं जातात?"

मी शेजारून कुजबुजलो, "वाटतो म्हणा, आबा. नातलगांना वाटतो म्हणा." खोटंही नव्हतं ते, अर्धं खरं होतं.

आबांच्या बोटाभोवतीचा शेव थांबला. दुसऱ्याच्या खोट्याला थांबणारं ते बोट त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी थांबवलं.

"खिंडीत," ते म्हणाले. "नागफनीच्या वाटंला खिंड हाय. पाटीत घालत्यात आन सोडून येत्यात. म्या बी नेल्यात. हौशीच्या आईच्या दोन भैनी म्याच नेल्या. मागं वळून बगायचं नसतं म्हनत्यात. म्या बघितलं व्हतं."

हेडमास्तरांनी ठरावाचा कागद खाली ठेवला.

"म्हंजी मास्तर, नुसत्या बंदीनं भागायचं न्हाई. बंदी घातली तर बापूसायबांचं दार बंद हुईल. कुत्रीचं पोट न्हाई बंद हुयाचं. ह्यांची स्टेशनामागं जात्यात, आमची खिंडीत."

हेडमास्तर अस्वस्थ झाले. "आबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं बोलताय?"

"कुत्रीच्या."

हशा पिकला, पण आबा हसले नाहीत. "नेम करा. समद्यांना येकच, बंगल्याला बी आन गावाला बी. एक वेत झालं की वरीसभर इसावा. ती माजावर आली तर तिला कोंडायचं न्हाई, कुत्र्याला बांधायचं. आन पिल्लाला दार मिळंल तरच वेत हू द्यायचं."

"आणि नियम पाळतो की नाही, हे बघायला कोण येणार?" बापूसाहेबांनी विचारलं. "दर बंगल्यात शिपाई?"

"शिपाई कशापायी? माहेर यील. ज्यानं पिल्लू दिलं, त्यानं वरसातनं एकदा दारात यून बगायचं. आन घेनाऱ्यानं दार उघडायचं."

हे ऐकायला फार छान होतं, पण अर्जात लिहायचं कसं? "माहेर" हा शब्द सरकारी कागदात बसेना. कुणीतरी सुचवलं, "मूळ पुरवठादार" लिहा. आबांनी मला विचारलं, "ह्यो कोन?" मी म्हटलं, "तुम्ही." ते मान हलवत खाली बसले. मग कुणी म्हणे बंदीच हवी, कुणी म्हणे नियम, कुणी म्हणे नियम फक्त बंगल्यांना, कुणी म्हणे कुरवंडेकरांना आधी. दोन तासांनी सभा पांगली आणि ठराव कुठलाच झाला नाही.

बाहेर मी आबांना म्हणालो, "तुम्ही गप्प बसला असता तर बंदी झाली असती."

"व्हय," ते म्हणाले. "झाली असती."

घरी येऊन मंडळींना सगळं सांगितलं. वरीसभर विसावा आणि बांधायचं ते कुत्र्याला, हा नियम त्यांनी दोनदा म्हणायला लावला. मग कडेवरच्या चौथ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "आबांना म्हणावं, नुसता कुत्र्यांपुरता का ठेवला?" मी मालधक्क्यावर थोडं काम राहिल्याचं सांगून बाहेर पडलो.

सुगी झाली आणि आबा हौशीला घेऊन आले. तोच कोट, तोच फेटा. मी बरोबर निघालो. वाटभर ते मागे मागे चालत होते. हौशी मात्र पुढे पुढे. बंगल्याच्या वळणावर आली आणि तिने कान टवकारले. फाटकाशी बापूसाहेब उभे होते. तिने आबांच्या हातून दोरीला असा हिसका दिला की ते अडखळले. दोरीसकट ती धावली आणि बापूसाहेबांच्या पायात लोळली. एकदाही मागे पाहिलं नाही.

आबा जागीच थांबले. सासरचा तिला लळा लागला होता. यातलं सुख आणि यातलं दुःख दोन्ही बापालाच कळतं. मी आपला जावई, मला तेव्हा नुसतं अवघडल्यासारखं झालं.

बापूसाहेबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भरलेली पाठ, गुळगुळीत. ते फिरवतच राहिले.

"आबा," ते म्हणाले, "सुलतानला मी काल मुंबईला भावाकडे धाडला. ज्यांची पिल्लं ठरली होती त्यांना नाही म्हणून कळवलंय. पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी बघू." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही या बघायला. दार उघडं आहे."

आबांनी हात जोडले. सोयरिकीत मुलीचा बाप व्याह्यापुढे जोडतो तसे, छातीशी, मान खाली घालून. त्यांना कुणापुढे मान खाली घालताना मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्यापुढे तर नाहीच. बापूसाहेब गडबडले आणि त्यांनीही तसेच जोडले.

"आबा, घरी चला. जेवून जा," मी म्हणालो.

"न्हाई, गुरं वाट बगत असतील." ते वळलेही होते.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली आणि दोन वर्षं आम्ही लांब होतो. आबा त्यातच गेले. बापूसाहेबांनी शब्द किती पाळला, हे मला नीटसं कळलं नाही. कुरवंड्यात मात्र खिंडीकडे पाटी नेणं बंद झालं, असं मेहुणा सांगतो. ते आबांच्या धाकाने की त्यांच्या आठवणीने, ते त्यालाही सांगता येत नाही.

मला शेवटचे दिसलेले आबा त्याच दिवसाचे. कुरवंड्याच्या चढाने जाणारे, कधी नव्हे ते हात पाठीमागे न बांधता. इतके झपाझप, की मला गाठता येऊ नये. मी हाक मारली तर त्यांनी नुसता हात वर केला, वळले नाहीत. जावयादेखत डोळ्यांना पाणी येऊ द्यायचं नाही, हा नियम काही त्यांनी सभा भरवून केलेला नव्हता.